चमत्कार घडला, पण कोणाकडून?

वेंगुर्ल्याजवळ राहणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वाडीत दर शुक्रवारी एका घरी प्रार्थनासभा भरते. सभा घेणारे गृहस्थ आपल्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) नाहीत, पण प्रार्थना येशूच्याच नावाने करतात. भगिनींच्या सासूबाईंची गुडघेदुखी तिथे थांबली, हे त्यांनी स्वतः पाहिले. घरातल्या एका जुन्या भांडणाविषयी त्या गृहस्थांनी, कोणी काही न सांगता, अचूक सांगितले. आता त्यांचे म्हणणे असे की सासूबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या तरच विश्वास पूर्ण होईल. गोळ्यांऐवजी त्या गृहस्थांनी आशीर्वाद देऊन विकलेले तेल वापरावे. हे देवाकडून आहे की दुसरीकडून, हे ओळखायचे कसे, असे भगिनी विचारतात.

उत्तराचा एक भाग पारख होईपर्यंत थांबू शकत नाही, म्हणून तो आधी लिहितो. गोळ्या सुटल्या असतील तर सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या, किती दिवस गोळी चुकली ते खरे सांगा आणि साखर तपासून घ्या. तेल गुडघ्याला चोळायचे असेल तर चोळू द्या, त्यावरून घरात वाद नको. परंतु औषध सोडणे ही श्रद्धेची अट आहे, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही. संत पौलाने तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला (१ तीमथ्य ५:२३), आणि त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेतातच मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०). ज्याच्या अंगावरचे रुमाल लावल्याने लोक बरे होत असत असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, त्याच माणसाच्या नावावरच्या पत्रांतील या ओळी आहेत. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे सांगतो.

आता पारखीविषयी. तेहतीस वर्षे मी कोकणात धर्मगुरू म्हणून काढली, आधी वसईत आणि नंतर बराच काळ सिंधुदुर्गात. “फादर, आमच्याकडे चमत्कार झाला,” असे सांगत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: हे खरेच घडले का? घडले असेल तर ते देवाचे आणि घडले नसेल तर लबाडी, असा सरळ हिशेब. पवित्र शास्त्राला मात्र हा हिशेब मान्य नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायात म्हटले आहे की एखादा संदेष्टा उठला, त्याने चिन्ह सांगितले आणि ते चिन्ह खरे ठरले, तरीही तो जर तुम्हांला दुसऱ्या देवांच्या मागे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. ‘तरीही’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. चिन्ह खोटे निघाले म्हणून त्याला सोडा, असे तिथे म्हटलेले नाही. चिन्ह खरे ठरल्यावरही प्रश्न शिल्लक राहतो, असे म्हटले आहे. मिसरच्या जादूगारांनीही काठ्यांचे साप केले, पाण्याचे रक्त केले, बेडूक आणले. धुळीच्या उवा करताना मात्र ते अडले आणि “हा देवाचा हात आहे” अशी कबुली त्यांनीच दिली. आणि येशूने स्वतः सांगितले आहे की “तुझ्या नावाने आम्ही पुष्कळ अद्भुते केली” असे म्हणणाऱ्या कित्येकांना, “मला तुमची कधीच ओळख नव्हती,” हे उत्तर मिळेल (मत्तय ७:२२-२३).

म्हणून प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे ठेवले पाहिजेत. जे घडले असे वाटते ते खरोखर घडले का, हा पहिला. ते कोणाच्या कामी येते आणि आपल्याला कुठे नेते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा साधे असते. दुसऱ्याला वेळ लागतो.

पहिल्या प्रश्नाचा माझा सर्वांत चांगला धडा सावंतवाडी तालुक्यातल्या एका चिरेबंदी घरात झाला. जुलै महिना होता. पश्चिमेकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या पवित्र मरियेच्या प्लास्टरच्या मूर्तीच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होते. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. अंगणात ताडपत्री बांधली होती, मेणबत्त्यांचा खच पडला होता, आणि मूर्तीपुढे पैशांचे एक ताट आले होते, जे कोणी ठेवले ते कोणालाच सांगता येईना. घरची माणसे अत्यंत सरळ. मी जपमाळेला बसलो आणि नंतर मूर्ती जवळून पाहिली. अंगभर तैलरंगाचा जाड थर होता. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मात्र रंगाचा टवका उडालेला होता आणि आतले पांढरे प्लास्टर उघडे पडले होते. भिंत जांभ्याची, बाहेरून गिलावा नाही. पावसाळ्यात जांभा किती पाणी पितो ते कोकणात कोणाला सांगायला नको. तळातून प्लास्टर ते पाणी शोषत होते, रंगामुळे ते कुठून बाहेर पडू शकत नव्हते, आणि जिथे वाट मिळाली तिथे थेंब जमत होता. घरमालकांची परवानगी घेऊन मूर्ती आतल्या खोलीत कोरड्या टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी डोळा सुकला. मी कारण समजावून सांगितले, तेव्हा घरातली आजी शांतपणे म्हणाली, “रडूचा थांबला मां? मग बरा झाला, फादर.” तिच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा तिची श्रद्धा कमी हललेली होती.

मुंबईत २०१२ साली विलेपार्ले भागात एका क्रुसाच्या पायांशी पाणी ठिबकू लागले आणि भाविक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले, तेव्हाही असाच खुलासा पुढे आला: जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत होते. खुलासा करणारे बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांच्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. याची मला एक कॅथलिक म्हणून लाज वाटते. ज्याने लोकांना गटाराचे पाणी पिण्यापासून वाचवले, त्याचे आभार मानण्याची जबाबदारी आपली होती, मग तो देव मानो वा न मानो.

पावसाळ्यातले आणखी एक प्रकरण प्रत्येक जुन्या धर्मगुरूला ठाऊक असते. मिस्सेतली पवित्र भाकर जमिनीवर पडली तर ती विरघळावी म्हणून पाण्यात ठेवतात आणि काही दिवसांनी तिच्यावर तांबडा डाग दिसतो. सॅक्रिस्टन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारा सेवक, धावत येतो, “फादर, रक्त!” दमट हवेत पिठाच्या पदार्थांवर सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जिवाणू वाढतो आणि तो रक्तासारखे लाल द्रव्य तयार करतो. १८१९ मध्ये इटलीत पाडुआजवळच्या लेन्यारो गावात मक्याच्या शिजवलेल्या पिठावर असेच डाग पडले, लोक भेदरले, आणि बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने ते नव्या ताज्या पिठावर वाढवून दाखवले. त्या लाल द्रव्याचे शास्त्रीय नावसुद्धा ‘अद्भुत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले, प्रोडिजिओसिन. असा डाग दिसला तर कोणाला काही सांगू नये, भाकर तशीच नीट झाकून ठेवावी आणि बिशपांना कळवावे; तपासणी प्रयोगशाळेचे काम आहे, व्हॉट्सॲपचे नाही.

आजारांच्या बाबतीत हा पहिला प्रश्न अधिक अवघड होतो, कारण शरीर स्वतःहूनही बरे होत असते. बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून काविळीवर माळ बांधणाऱ्याचे नाव होते. धामण किंवा दिवड चावली तर विष नसतेच, म्हणून साप उतरवणारा यशस्वी ठरतो; फुरसे चावले की त्याच मंत्राचा उपयोग होत नाही आणि दवाखान्याची वेळ हातची जाते. विंचवाचेही तसेच होते. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो ते रुग्णाच्या उशाशी बसून टिपले आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, तेव्हा कुठे कोकणातली ही मरणे मोठ्या प्रमाणावर थांबली. या कामात मला देवाचा हात दिसतो, आणि तो चमत्कार म्हणून नोंदवण्याची मला गरज वाटत नाही.

गुडघ्याच्या दुखण्याचा स्वभावच चढउताराचा असतो. माणूस सभेला जातो तो दुखणे सर्वांत जास्त असताना, म्हणजे ते उतरणीला लागण्याच्या बेतात असताना. गाणी, टाळ्या, आजूबाजूचे रडणे, खांद्यावर ठेवलेला हात यांनी शरीरातली वेदना दाबणारी द्रव्ये वाढतात आणि वेदना खरोखर कमी होते. सासूबाई खोटे बोलत नाहीत. पण वेदना कमी होणे आणि झिजलेला सांधा भरून येणे या दोन गोष्टी आहेत. पुढच्या मंगळवारी गुडघा कसा आहे, हे शुक्रवारी कळत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. तरुण असताना एका नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, शेवटच्या दिवशी मी वेदीवरून जाहीर केले की पोटात गाठ असलेल्या एका मच्छीमार बंधूची गाठ प्रार्थनेने नाहीशी झाली. नातेवाइकांनी सांगितले, मी सांगितले. कागद पाहिला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच आठवड्यांनी त्याची पत्नी अंत्यविधीची वेळ ठरवायला आली. तिने मला काहीही विचारले नाही, आणि तिचे ते न विचारणे मला आजवर पुरले आहे.

ख्रिस्तसभेची सावकाश चाल मला त्या दिवसानंतर समजू लागली. पुढे चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झालेले (१७४० ते १७५८) प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी संतपदाच्या चौकशीसाठी रोगमुक्तीचे निकष लिहून ठेवले, ते आजही पायाभूत आहेत. आजार गंभीर असावा, तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर नसावा, दिलेले औषध निरुपयोगी ठरलेले असावे, बरे होणे अचानक आणि पूर्ण असावे, आणि आजार परत उलटू नये. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ मध्ये बेर्नादेत या मुलीला पवित्र मरियेची दर्शने झाली आणि १८८३ पासून तिथे वैद्यकीय कार्यालय आहे. आजवर सुमारे ७,००० जणांनी तिथे रोगमुक्तीची नोंद केली. त्यांतल्या सत्तरीच्या थोड्या वर घटनांनाच चमत्कार म्हणून मान्यता मिळाली. एका फ्रेंच साध्वीची २००८ मधली रोगमुक्ती २०१८ मध्ये मान्य झाली, म्हणजे दहा वर्षे लागली. बाकीच्या हजारो लोकांना ख्रिस्तसभा खोटे म्हणत नाही, ती फक्त “आम्हांला सांगता येत नाही” असे म्हणते. मीही माझ्या वहीतल्या एका घटनेबद्दल एवढेच म्हणतो. पहिला स्कॅन कधी सापडला नाही, दुसरा स्वच्छ आहे, बाई आज नातवंडे खेळवते आहे.

चौकशीला घाबरण्याचे कारणही नाही, कारण ती येशूनेच लावून दिली. दहा कुष्ठरोग्यांना त्याने याजकांकडे पाठवले (लूक १७). कुष्ठ गेले की नाही हे तपासण्याचे काम लेवीय ग्रंथाच्या १४ व्या अध्यायानुसार याजकांचे होते. बरे करणाऱ्याने बरे झालेल्याला, स्वतःचा शिष्य नसलेल्या तपासनिसाकडे धाडले. हा संदर्भ मी मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो, कारण तुमच्या वाडीतल्या गृहस्थांना विचारायचा पहिला प्रश्न यातूनच निघतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. घरातल्या भांडणाविषयी त्यांनी अचूक सांगितले, हे तुम्हांला सर्वांत जास्त हलवून गेलेले दिसते. वाडीतले जुने भांडण आजूबाजूच्या किती घरांना ठाऊक असते, याचा एकदा शांतपणे विचार करा. सभेपूर्वी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या भरून घेतात का, रांगेत कोणी आस्थेने चौकशी करते का, तेही आठवून पाहा. अमेरिकेत पीटर पॉपॉफ हे उपदेशक अनोळखी माणसांचे आजार आणि पत्ते व्यासपीठावरून सांगत असत. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी रेडिओ यंत्रणेने संदेश पकडून दाखवले की चिठ्ठ्यांवरची माहिती पॉपॉफ यांची पत्नी त्यांच्या कानातल्या यंत्रावर वाचून दाखवत होती.

पण समजा, यांतले काहीही नाही आणि त्यांना खरोखरच कळते. तरीही फिलिप्पै नगरातल्या त्या दासी मुलीची गोष्ट आठवावी लागते (प्रेषितांची कृत्ये १६). तिच्या अंगात दैवप्रश्न सांगणारा आत्मा होता आणि ती पौलाच्या मागे ओरडत फिरे की हे परात्पर देवाचे दास आहेत. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. पौलाने तरीही त्या आत्म्याला घालवले. लूकने तिच्याविषयी सांगितलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती आपल्या मालकांना पुष्कळ मिळकत करून देत असे. आत्मा गेला तेव्हा मालकांना दुःख झाले ते मिळकतीचे, आणि त्यांनी पौल व सीला यांना तुरुंगात टाकवले. तेल विकत दिले जाते, असे तुम्ही लिहिता. शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचे दान पैशाने मागितले तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावले, ते त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात वाचा. अद्भुताभोवती पैसा आला की सावध व्हावे, एवढे मी म्हणतो. (माझ्या जुन्या प्रकरणातले ते ताटही मी विसरलेलो नाही, पैसा यायला वाईट माणूस लागतोच असे नाही.) लोकांना फसवून, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

संत इग्नातियस लोयोला यांनी आत्म्यांच्या पारखीसाठी दिलेला एक नियम मी सर्वांत जास्त वापरला आहे. ते म्हणतात, विचारांचा प्रवाह आरंभी, मध्ये आणि शेवटी तपासा. वैरी, म्हणजे सैतान, त्याच्या सापाच्या शेपटीवरून ओळखला जातो. आरंभ जवळपास नेहमी चांगलाच असतो: प्रार्थना, उपवास, अश्रू. मग हळूच एक अट येते. गोळी सोड. घरी सांगू नकोस. फादरांना विचारू नकोस, त्यांच्यात आत्मा नाही. दुःख गेले नाही तर तुझाच विश्वास अपुरा. या शेवटच्या वाक्याला मी सर्वांत जास्त भितो, कारण ते आजारी माणसाच्या दुखण्यावर अपराधाचे ओझे चढवते आणि प्रार्थना घेणाऱ्याला कधीही चुकू देत नाही. पौलाने आपल्या देहातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही (२ करिंथ १२). तुझा विश्वास कमी आहे, असे उत्तर त्याला मिळाले नव्हते.

पवित्र दिसणाऱ्यांकडूनही फसगत होते. स्पेनमध्ये कॉर्डोबाच्या मठातली माग्दालेना दे ला क्रूझ कित्येक वर्षे जिवंत संत मानली गेली, मोठमोठी माणसे तिची प्रार्थना मागत. १५४३ मध्ये गंभीर आजारात तिने सारी फसवणूक कबूल केली. आणि याउलट, आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना आपण मानतो ते ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांनी क्रुसावर प्राण दिले म्हणून. हुतात्म्याला धन्य घोषित करताना ख्रिस्तसभा चमत्काराची अट घालत नाही.

ते गृहस्थ आपल्या धर्मग्रामातले नाहीत, या गोष्टीला मी वजन देत नाही. योहानाने अशाच एका परक्याची तक्रार केली तेव्हा येशूने त्याला मना करू नका असे सांगितले (मार्क ९). तसेच हे सैतानाचे काम आहे असे लगेच म्हणण्याची घाईही करू नका; मी पाहिलेल्या प्रकरणांत गैरसमज सर्वांत जास्त, त्यानंतर मोह, आणि ज्याला तिसरे काही म्हणता येईल अशी फार थोडी. मापे मात्र आपल्यांना आणि परक्यांना एकच लावावीत. रोगमुक्तीच्या प्रार्थनांविषयी व्हॅटिकनने १४ सप्टेंबर २००० रोजी दिलेली सूचना आपल्या कॅथलिक सभांसाठीच आहे: उन्माद, नाटकीपणा आणि भडकपणा नको, आणि कोणी बरे झाल्याची साक्ष असेल तर ती सभेनंतर प्रामाणिकपणे नोंदवून अधिकाऱ्यांकडे द्यावी. हे वाचून आपल्याकडच्या काही तपसाधना केंद्रांनाही घाम फुटेल. दर्शने आणि तत्सम घटनांसाठी १७ मे २०२४ ला आलेल्या नव्या नियमांनुसार तर बिशप सहसा ‘हे अलौकिक आहे’ असे जाहीरच करत नाहीत. सर्वांत अनुकूल निर्णय ‘आडकाठी नाही’ इतकाच असतो.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्या गुडघ्यावरून वाद घालू नका. दुखणे थांबले आहे, त्यासाठी त्यांच्यासोबत देवाचे आभार माना. त्यात खोटे काहीच नाही. त्या गृहस्थांना मात्र, शक्य तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर, दोन गोष्टी विचारा. गोळ्या बंद करा हे ते सासूबाईंच्या डॉक्टरांसमोर, त्यांच्या तोंडावर सांगतील का? आणि साखरेचा कागद दर महिन्याला तपासून, साखर वाढली तर आपली प्रार्थना फळली नाही असे सभेत उभे राहून सांगतील का? कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठवणाऱ्याच्या नावाने जो प्रार्थना करतो, त्याला या प्रश्नांचा राग येऊ नये. राग आला तर तो कशाचा आला, हे नीट पाहून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या शुक्रवारी सासूबाई जाणारच असतील तर अडवू नका. तुम्हीही सोबत जा, आणि रात्रीची गोळी व पाण्याची बाटली पिशवीत ठेवा.